प्रेमलाचा हलका हात

वारज्यात कुणाच्या गच्चीवरचं कबुतर मान टाकायला लागलं, की दोन निरोप जायचे. एक देवाला आणि एक प्रेमलाला. देवाकडून उत्तर यायला वेळ लागे. प्रेमला मात्र तव्यावरची भाकरी उतरवायची, हात धुवायची आणि चपला घालून निघायची.

तिचं काम मोजकंच. आजारी पाखराची मान मोडायची आणि ते मालकाच्या नजरेआड न्यायचं.

आता कुणी म्हणेल, एवढे मोठाले बाप्ये, गळ्यात साखळ्या, बुलेटवरून फिरणारे, त्यांना ओंजळभर पाखराची मान मोडता येत नव्हती? नव्हती. कबुतरं उडवणाऱ्यांचं काळीज फार मऊ असतं, पण कबुतरापुरतंच. बायको तापानं फणफणली तर हे चहा कधी मिळेल म्हणून विचारतील, आणि मादी अंड्यांवरून उठली तर यांना जेवण जायचं नाही. अशा मऊ काळजाच्या माणसांना हाताशी एक दगडी काळजाचं माणूस लागतं. प्रेमलाचं काळीज दगडाचं आहे हे त्यांनी आपसात ठरवून टाकलं. तिला विचारायचं राहून गेलं.

सुरुवात तिच्या नवऱ्यापासूनच झाली. गेनबाच्या ढाबळीत, म्हणजे लाकडी खणांच्या कबुतरांच्या घरात, मांजर शिरलं होतं. प्रेमला तेव्हा लोणी काळभोरहून नवीनच सासरी आलेली. वारजं तेव्हा गाव होतं, हायवेच्या अलीकडे गवारीचे आणि मेथीचे वाफे होते. मांजरानं एका नराचा पंख मुळातून ओढून काढला होता आणि गेनबा पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. नवी नवरी दारात उभी. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, "बघ तेवढं."

माहेरी कोंबड्या कापलेल्या, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं पाखरू उचललं, त्याचे डोळे झाकावेत म्हणून वरून पदर घेतला आणि पदराखालीच एक पिळा दिला. आवाज नाही, फडफड नाही. गेनबानं तोंड वळवलं तेव्हा ती मागच्या बाभळीखाली खड्डा बुजवत होती.

त्या दिवशी गेनबाला बायको आवडली. चावडीवर, चहाच्या टपरीवर, जिथे तिथे सांगत सुटला, "आमच्या मंडळींचा हात लई हलका हाय. पाखराला कळत बी न्हाई." बायकोचं कौतुक त्यानं जन्मात तेवढंच केलं. पण ते असं काही फिरलं, की वाफ्यांच्या जागी बिल्डिंगा आल्या, पत्र्याच्या घराची गच्ची झाली, आणि अजून तिला बोलावणी येतच होती.

तिची पद्धत ठरलेली. आधी पाखराच्या चोचीत दोन थेंब पाणी. मग पदर. मग हात. मालकाला काही दिसू नये म्हणून पाखरू पदरातच गुंडाळून, पोटाशी धरून ती जिना उतरायची. आपल्या ढाबळीवर मरण झालं असं कुणाला म्हणायला नको, म्हणून पुरायचं ते प्रेमलाच्या बाभळीखाली. घरी येऊन ती हात धुवायची, आणि तिची वाट बघत कावलेल्या आपल्या कबुतरांना त्याच पदरातून बाजरी टाकायची.

या कामाचं तिला काय मिळत होतं म्हणाल, तर नाव. पोरं तिला मागून यमाई म्हणायची. यमाई आपली देवी, नाव वाईट नाही. पण म्हणताना जी हसायची त्यात देवधर्म नव्हता. काम झाल्यावर तिला कुणी चहाला बस म्हणालं नाही. घरात पोटुशी सून असली तर आतलं दार लोटून घ्यायचे. एकदा तर कुणाच्या तरी बारशाला ती पाळण्याजवळ गेली, तेव्हा बाळाच्या आजीनं हसत हसत बाळाच्या अंगावरचं दुपटं तोंडापर्यंत ओढलं. प्रेमला पण हसली. म्हणाली, झोपू द्या, उन्हाचं आहे. आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

तिचं स्वतःचं असं त्या गच्चीवर एकच पाखरू होतं. चांदणी. आईबापांनी टाकून दिलेलं अंडं. गेनबा फेकून देणार होता, तिनं दुसऱ्या जोडीखाली सरकवलं. पिल्लू निघालं तर त्या जोडीनंही दोन दिवसांत पाठ फिरवली. मग प्रेमलानं हरभऱ्याचं पीठ भिजवून, बोटाच्या टोकानं भरवून ते वाढवलं. पांढरीशुभ्र मादी, शेपटीला एक करडं पीस. गच्चीचं दार वाजलं की बाकीची कबुतरं दाण्यासाठी धावायची, ही प्रेमलाच्या खांद्यावर यायची. गेनबाची इतर पाखरं कुणाला द्यायची, कुणाबरोबर जोडायची ते गेनबा ठरवी. चांदणीचं तो विचारत असे. एवढ्या वर्षांच्या संसारात तो बायकोला विचारायचा अशी ही एकच गोष्ट.

त्या उन्हाळ्यात वारज्यात कबुतरांना काहीतरी झालं. उडवायचा मोसम. सकाळी सोडलेलं पाखरू तिन्हीसांजेपर्यंत वर टिकायला पाहिजे, तर चांगली जातिवंत कबुतरं चहाच्या वेळेलाच खाली येऊन बसायला लागली. पिसं फुगवून, डोळे मिटून. चोच उघडून बघावं तर आतला गुलाबी रंग उडून राखेसारखा झालेला. गच्चीगच्चीवरून बोलावणी. कधी सकाळी एका ढाबळीवर आणि दुपारी दुसऱ्या. प्रेमलाच्या पायातली चप्पल निघेना.

या सगळ्यांचा म्होरक्या इंद्रजीत. बापानं जमीन विकली त्यावर बसून खाणारा, गच्चीवर कबुतरांसाठी पंखे लावलेला. त्याचं म्हणणं, हवा बिघडली आहे. कुणी म्हणे बाजरीत औषध मारलेलं असतं. गेनबाचं म्हणणं, ही सगळी दमाची गोष्ट आहे. त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलेलं, की कबुतराच्या पिसांत जी चपटी, करडी, खेकड्यासारखी तिरकी पळणारी माशी असते ती गोड रक्तावरच बसते. ज्याच्या अंगावर माशी नाही त्याच्यात दम नाही. गेनबा कुणाला जोडी द्यायचा तर छाती पुढे काढून सांगायचा, माशीसकट देतोय. माशी मारणं त्याच्या ढाबळीत पाप होतं.

आणि एका सकाळी दार वाजलं तरी चांदणी खांद्यावर आली नाही.

खणाच्या कोपऱ्यात बसली होती, पिसांचा गोळा होऊन. प्रेमलानं चोच उघडून बघितली. मागच्या महिन्यात तिनं इतक्या चोची उघडल्या होत्या की हिच्यात काय दिसणार ते तिला आधीच माहीत होतं. गेनबानं वाकून बघितलं, नाकातून श्वास सोडला आणि सवयीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बघ तेवढं."

प्रेमला म्हणाली, भाकरी करपंल. आणि चांदणीला टोपलीत घालून खाली गेली. चूल तर कधीच गेलेली, गॅसही बंद होता.

खाली सून होती, निकिता. कानात ते बोंड घालून कंपनीच्या लोकांशी इंग्रजीत भांडायची, हा तिचा घरबसल्याचा जॉब. तिनं टोपलीत बघितलं आणि म्हणाली, "आई, बर्ड्सचे डॉक्टर असतात. चला, लंच ब्रेकमध्ये जाऊन येऊ." प्रेमलाला हे नवीन होतं. कबुतराला डॉक्टर म्हणजे चपलेला न्हावी, असं तिच्या मनात आलं, तरी ती निघाली. स्कूटरवर मागे टोपली मांडीत धरून बसली.

दवाखान्यात गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलेला एक कुत्रा होता, आणि पिशवीत मांजर घेऊन बसलेल्या एक बाई. बाईंनी विचारलं, तुमचं काय? प्रेमला म्हणाली, कबुतर. बाई म्हणाल्या, मुद्दाम आणलंत? आमच्या बाल्कनीत शंभर आहेत, जाताना घेऊन जा.

डॉक्टर शर्मिला अंगानं बारकुड्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चांदणीचा पंख उघडला, आतल्या बाजूच्या शिरेला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब काचेवर घेतला. दुसऱ्या काचेनं तो ओढला, पोळपाटावर तेलाचा हात फिरवावा तसा. काच वाळवली, जांभळ्या रंगात बुडवली, धुतली आणि दुर्बिणीखाली सरकवली. बराच वेळ बघून म्हणाल्या, "या. बघायचंय?"

प्रेमलानं डोळा लावला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तांदळाच्या दाण्यांसारख्या लांबट गुलाबी पेशी दिसल्या, प्रत्येकीच्या पोटात एक जांभळी गाठ. आणि काही पेशींत त्या गाठीला बिलगून, काजूसारखं वाकडं, दुसरंच काहीतरी बसलेलं.

"तो काजू म्हणजे जंतू," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाच्या मलेरियाचा चुलतभाऊ समजा. रक्त खातो. पक्षी बसून असेल तर कळतही नाही. उडाला, दम लागला, की रक्त कमी पडतं आणि खाली येतो." औषध आहे, त्या म्हणाल्या. मलेरियाचीच गोळी, पण वजन करून, तेवढाच तुकडा. पुन्हा रक्त बघेपर्यंत उडवायचं मात्र नाही, अजिबात. आणि ढाबळीतल्या माश्या मारायच्या, कारण जंतू पसरतो तो त्यांच्या चाव्यातून.

प्रेमलाच्या डोक्यात गेनबाचा उस्ताद येऊन गेला. त्याला तिनं मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग डॉक्टर एकदम म्हणाल्या, "हलू नका." त्यांनी चिमटा घेतला आणि प्रेमलाच्या मानेजवळ, पदराच्या घडीतून एक करडी चपटी माशी उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकली. ती तिथेही तिरकीच पळायला बघत होती.

"ही कुठली?"

प्रेमलानं सांगितलं, की निघण्याआधी इंद्रजीतच्या ढाबळीवर एक आटोपून आली होती. आटोपून म्हणजे काय, ते निकितानं खाली मान घालून डॉक्टरांना समजावलं. डॉक्टरांनी बाटलीचं झाकण लावलं. मग त्यांनी विचारलं, मेलेला पक्षी कशातून नेता.

प्रेमलानं पदराकडे बघितलं.

"पक्षी गार व्हायला लागला की ही माशी त्याच्यावर थांबत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जवळ जे ऊबदार असेल ते धरते. माणसाचं रक्त तिला फारसं चालत नाही, त्यामुळे पुढचं कबुतर भेटलं की उतरते. तुम्हाला हा आजार होणार नाही, घाबरू नका."

प्रेमला त्याला घाबरलीच नव्हती. ती इंद्रजीतची गच्ची, मग दुकानवाल्या दत्तोबाची, मग कालव्याकडची, अशी एकेक पायरी मनात चढत होती. कुठून कुठे गेली, आणि ती गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी तिथून पुन्हा बोलावणं कसं आलं. शेवटी आपल्या ढाबळीपाशी आली. त्याच पदरातून बाजरी.

"म्या जी पाखरं मारली," तिनं विचारलं, "ती जगली असती?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. पण विचारलं ते सांगायचं अशी त्यांची रीत. "सगळी नाही," त्या म्हणाल्या. "बरीच."

घरी येऊन प्रेमलानं सगळी लुगडी उकळत्या पाण्यात घातली. ढाबळीतले खण उपसले, जुनी काटकी-कचरा जाळला. विष्ठेत तिला मोहरीसारखे काळे, चकचकीत दाणे सापडले. इतकी वर्षं तिला वाटायचं, दाण्यातलीच मोहरी सांडते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ते माशीचे कोष. तिनं ते फरशीवर ठेवून वरवंट्यानं रगडले. कटकट आवाज व्हायचा. गेनबा कट्ट्यावर बसून कुरकुरत होता, की बाई माझ्या पाखरांचा दम काढून टाकतीय. ती रगडत राहिली.

चांदणीला गोळीचा तुकडा लोण्यात घोळून. सकाळी पाणी, दुपारी भिजवलेलं हरभऱ्याचं पीठ, पुन्हा पिल्लागत बोटानं. हळूहळू चोचीच्या आत रंग दिसायला लागला. फिकाच, धुवून विटलेल्या गुलाबी परकराचा असतो तसा, पण रंग. एका सकाळी दार वाजलं आणि ती उडून नाही, चालत चालत आली आणि प्रेमलाच्या पावलावर बसली. प्रेमला तिथेच, हातात केरसुणी घेऊन उभी राहिली. पाऊल हलवलं असतं तर ती उतरली असती.

आता इथे प्रेमलानं गप्प बसायला हवं होतं. पण बाकीच्या गच्च्यांवर पाखरं मरत होती आणि गोळी तिला माहीत होती. ती स्वतः इंद्रजीतकडे गेली. बाकीचेही तिथेच होते, खुर्च्या टाकून. तिनं सगळं सांगितलं. काजूचं, गोळीचं, माशीचं. आणि पदराचं पण सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. म्हणाली, मला आता बोलवू नका, डॉक्टरला बोलवा.

इंद्रजीतनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "म्हणजे काकू, आजार आणायला पण तुम्हीच आणि मारायला पण तुम्हीच. दुसऱ्या कुणाला काही कामच ठेवलं नाहीत."

सगळे हसले. दत्तोबा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याच्या ढाबळीवर ती लग्न झाल्यापासून जात होती. एरवी चहा नाही तरी पाणी विचारायचे, त्या दिवशी कुणी तेही विचारलं नाही. ती जिना उतरत असताना वरून कुणीतरी तिच्या अंगावर माशी मारायची पावडर भुरभुरवली. डोक्यावरचा पदर पांढरा झाला. रस्त्यानं लोक बघत होते, तिला वाटलं ती कबुतरंवाली म्हणून बघतात.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्यांच्यातल्या प्रत्येकानं निकिताला गुपचूप मेसेज करून गोळीचं नाव विचारून घेतलं. निकितानं दिलं. ती दवाखान्याचा नंबरही पाठवायची, वजन करून घ्या म्हणायची. त्यांची पाखरं उठली. आणि उठल्यावर त्यांनी ठरवलं, की आजाराचं घर गेनबाची ढाबळ. तिथली कबुतरं या मोसमात कुणाबरोबर उडणार नाहीत.

गेनबाला हे टपरीवर सांगितलं, चारचौघांत. त्याला बसायला बाक होता तोही कुणी सरकून दिला नाही. घरी आल्यावर तो प्रेमलाशी भांडला नाही, जेवला नाही, नुसता गच्चीवर जाऊन बसला. त्याला दुसरं जग नव्हतं. जमीन गेली तेव्हा जे उरलं ते हे आभाळ, आणि त्या आभाळातलं त्याचं नाव. इंद्रजीतनं त्याला एकच वाट ठेवली होती. तुमच्या ढाबळीतलं एखादं पाखरू आमच्यासमोर दिवसभर वर टिकवून दाखवा, मग बघू.

आजाराआधी तिन्हीसांजेपर्यंत न उतरणारं, दिवसभर टिकेल असं त्याच्याकडे एकच होतं. चांदणी.

प्रेमलाला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. तिनं त्याला डॉक्टरांचं सांगितलं, आधी नीट समजावून, मग रागावून, मग जेवायला वाढताना विनवून. अजून रक्त भरलं नाही. वर गेली तर दम पुरायचा नाही. सोमवारी दाखवायला न्यायची आहे, डॉक्टर काय म्हणतात बघू. गेनबा म्हणाला, "मी काय लहान हाय का." त्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून रविवारी लोणी काळभोरला भावाच्या नातवाच्या बारशाला जाताना तिनं चांदणीच्या खणाचं दार परकराच्या नाडीनं बांधलं, घट्ट, दुहेरी गाठ मारून.

बारशाला तिनं पाळण्याला हात लावला नाही. लांबून नाव ऐकलं, घुगऱ्या घेतल्या आणि दुपारचीच स्वारगेटची बस धरली. मन लागत नव्हतं. स्वारगेटवरून दुसरी बस, त्यातही उभ्यानं. घराच्या कोपऱ्यावर उतरली तेव्हा तिला आधी गच्चीवरच्या खुर्च्या दिसल्या. इंद्रजीत, दत्तोबा, आणखी दोघे. हातात चहा. तिच्या घरचा चहा. सगळ्यांच्या माना वर.

जिन्यात पायरीवर नाडी पडली होती. गाठ सोडता आली नाही म्हणून कात्रीनं कापलेली.

"ओरडू नगंस," गेनबा तिच्याकडे न बघता म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "सकाळधरनं वर हाय."

आणि होतीही. बरोबर डोक्यावर, इतकी उंच की पांढरा ठिपकाही नीट दिसेना. पंखांना ऊन लागलं की ठिपका चमकायचा आणि पुन्हा आभाळात विरघळायचा. प्रेमलाला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो अभिमान. मी भरवलेली. दत्तोबासुद्धा म्हणाला, मानलं. इंद्रजीत घड्याळ बघत होता आणि त्याला ते आवडत नव्हतं.

मग ती चमकली, आणि पुन्हा विरघळली नाही. ठिपका मोठा होत गेला. गेनबाला वाटलं झेप घेतेय. प्रेमलाला कळलं. पंख उघडेच होते पण ती ते मारत नव्हती. समोर, जिथे पूर्वी यांची गवार होती, तिथल्या टॉवरकडे ती वाऱ्यानं ढकलली गेली आणि एका बाल्कनीच्या जाळीवर आदळली. पुण्यात आता प्रत्येक बाल्कनीला असते ती जाळी, कबुतरं येऊ नयेत म्हणून लावलेली. तिथेच पंख अडकून लटकली.

निकिता आणि ती धावत गेल्या. वॉचमननं वहीत सही केल्याशिवाय लिफ्टजवळ सोडलं नाही. वरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी हातात रबरी मोजे घालून, जाळी कापून पाखरू वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. "हे तुमचं?" त्या म्हणाल्या. "घेऊन जा आधी. आणि त्या घाणीचं काय ते पण बघा." पंख मुळातून मोडला होता. चोच उघडी, जीभ राखेच्या रंगाची, आणि छाती भाता ओढल्यासारखी वरखाली. जिवंत होती. डोळा प्रेमलाकडे होता.

प्रेमलानं तिला पदरात घेतलं नाही. उघड्या दोन्ही हातांवर धरून रस्त्यानं आणली आणि गच्चीवर चढली.

सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. गेनबानं बघितलं, आणि पहिल्या दिवसासारखंच भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बघ तेवढं."

ती त्याच्याजवळ गेली, त्याचे हात धरले, ओंजळ करून घेतली आणि चांदणीला त्यात ठेवलं.

"आज तुम्ही बघा."

तो म्हणाला, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. ती समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. इंद्रजीत म्हणाला, "काकू, हाल होतायत हो तिचे, तुमचा हात हलका आहे." तरी ती उठली नाही. दत्तोबाला दुकान आठवलं. इंद्रजीतला फोन आला, म्हणजे त्यानं कानाला लावला. एकेक करून सगळे खाली उतरले. कप तसेच.

गेनबाच्या हातात चांदणीची छाती वरखाली होत होती. तो रडत होता. प्रेमलाला माहीत होतं, की ती जितका वेळ बसून राहील तेवढा वेळ ते पाखरू तिच्या हट्टाची किंमत देत राहील. नवऱ्याला शिकवायचा धडा होता, आणि तो चांदणीच्या अंगावर चालला होता. तिचा उजवा हात आपसूक उठला. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

शेवटी गेनबानं डोळे मिटून प्रयत्न केला. अर्धाच झाला. पाखरू फडफडलं, हातातून पडलं, एका पंखावर फरशीवर गोल फिरत राहिलं. त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा नीट झालं नाही. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणत होता. ती त्याच्या हातांकडे बघत होती. बराच वेळ लागला. टॉवरची सावली गच्चीवर आली तेव्हा झालं.

त्यानंतर चांदणी त्याच्या ओंजळीत गार होत गेली. प्रेमला उठून जवळ आली आणि पिसांत वाकून बघत बसली. एकही माशी उतरली नाही. पाखरू स्वच्छ होतं.

खड्डा गेनबानं खणला. बाभळीखाली मातीत कुदळ मारली तर बारकी बारकी हाडं वर आली, इतकी, की त्याला जागा बदलावी लागली. किती पाखरं, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

पुढच्या पंधरवड्यात इंद्रजीतचा फोन आला. गोळ्या वजन न करताच दिल्या होत्या, दोन पाखरं आकडी येऊन पडलीत, काकूंना जरा पाठवा, मागचं सगळं सोडून द्या. फोन गेनबानं घेतला होता. तो फोन हातात धरून बायकोकडे बघत राहिला.

प्रेमला मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"येतायत म्हनावं," ती म्हणाली. "हात जड हाय त्यांचा, पर आता शिकलेत."

गेनबानं "येतो" म्हणून फोन ठेवला. मग त्यानं चपला शोधायला सुरुवात केली. त्या दारातच होत्या, तिच्या चपलांशेजारी, पण त्याला सापडायला बराच वेळ लागला.